पेशवाईचा सिस्टीम ॲडमिन

सुरुवात व्हायवापासून करते, कारण आपल्या सगळ्यांचीच दुखरी नस तिथे असते. सहाव्या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये आमच्या ग्रुपने डिपार्टमेंटच्या लॅबसाठी लॉगिनची नोंद ठेवणारं मॉड्यूल केलं होतं. कोणत्या युजरने कोणत्या मशीनवरून किती वाजता लॉगिन केलं, पासवर्ड जमला की चुकला, किती वेळा चुकला, लॉगआउट कधी केलं, सगळं टेबलमध्ये छान पडत होतं. रंगीत रकाने वगैरे. सरांनी माऊसने स्क्रीन खाली-वर केली आणि शांतपणे विचारलं, की हे वाचणार कोण?

मी म्हटलं, ॲडमिन. ते म्हणाले, रोज? मी गप्प. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. ॲडमिनने स्वतःच काही केलं तर ते कोण वाचणार? आमच्या ग्रुपमधले चारही जण एकमेकांकडे बघायला लागलो. मार्क पडले, पण सरांनी मॉड्यूल पुढच्या सेमिस्टरला नीट करून लॅबमध्ये बसवायला सांगितलं. प्रश्न काही गेला नाही. तो बॅगेत भरून मी उन्हाळ्याच्या सुट्टीला माकणीला गेले.

माकणी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातलं आमचं गाव. निम्न तेरणा धरण जिथे आहे ते. तिथे आमच्या आबांचं किराणा दुकान आहे. दुकानात आता क्यूआर कोडचा स्टिकर आहे, पण आबांची कीर्द सुटलेली नाही. दिवसभर जे घडलं ते कीर्दीत उतरायचं, आणि संध्याकाळी दिवा लावला की चष्मा पुसून ती पहिल्या ओळीपासून वाचायची. लिहायची वेगळी, वाचायची वेगळी. मी त्यांना व्हायवाची गोष्ट सांगितली. त्यांना लॉगिन म्हणजे काय ते समजावताना मलाच घाम फुटला, पण समजल्यावर ते हसले आणि म्हणाले, की हे तर फडणिशीचं काम, नाना फडणवीस जन्मभर दुसरं काय करत होता?

खरं सांगते, आमच्या कॉन्व्हेंटच्या इतिहासात नाना फडणवीसांना दीड ओळ होती, तीसुद्धा इंग्रजीत, आणि त्यात ते फक्त हुशार होते एवढंच कळत होतं. त्या सुट्टीत मी मिळेल ते मराठी वाचत बसले (वेग बैलगाडीचा). त्यातून जो माणूस दिसला तो सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हसू नये.

मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणं कोकणातल्या वेळासचं. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, साताऱ्याचा. आजोबा बाळाजी महादेव भानू हे पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर दिल्लीला गेले होते आणि १७१९ साली तिथल्या दंगलीत मारले गेले. त्यानंतर पेशव्यांची फडणिशी भानूंच्या घरात आली आणि तेच पुढे आडनाव झालं. फडणवीस म्हणजे फडावरचा मुख्य लिहिणारा. फड म्हणजे पेशव्यांची कचेरी. जमाखर्च, सनदा, हुकूम, फौजेच्या हजेऱ्या, जे काही सरकारात येतं किंवा सरकारातून जातं त्याची तारीखवार नोंद तिथे व्हायची. आपल्या भाषेत, सर्व्हरवरचा लॉग. वडील गेले तेव्हा नाना चौदा वर्षांचे होते, आणि हे काम त्यांच्याकडे आलं.

एकोणिसावं संपायच्या आत हा मुलगा पानिपतावर होता. सदाशिवरावभाऊंच्या त्या मोठ्या लवाजम्यात तीर्थयात्रेच्या ओढीने नानांची आई आणि पत्नीही होत्या. १४ जानेवारी १७६१ ला सगळं संपलं. नाना कसेबसे जीव वाचवून निघाले, पायी, वेष टाकून, वाटेत लपत लपत. पत्नी पुढे सुखरूप भेटली. आई भेटलीच नाही. नानांनी पुढे स्वतःचं जे थोडंसं चरित्र लिहून ठेवलं आहे त्यात हा सगळा पळ आहे, आणि तो लिहिणारा माणूस स्वतःच्या भीतीबद्दल काही लपवत नाही. मी वीस वर्षांची आहे. मेसचा डबा नाही आला तर माझा दिवस खराब जातो. असो.

पानिपताबद्दल वाचताना मला एक गोष्ट सारखी टोचत राहिली. इतकी माणसं गेली, पण गेली याची खात्रीची नोंद कुणाजवळ नव्हती. खुद्द भाऊंचा देह मिळाला, नाही मिळाला, ओळख पटली, नाही पटली, यावर बोलणं चालूच राहिलं. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्याच युद्धातून परत आल्या आणि १७८३ साली वारल्या, तोपर्यंत त्यांनी स्वतःला विधवा मानलं नाही. म्हणजे भाऊंचं खातं कधी बंदच झालं नव्हतं. बंद न झालेल्या खात्याचं काय होतं हे पुढे येईलच.

थोरले माधवराव पेशवे झाले आणि नाना हळूहळू फडावर घट्ट बसले. हे लढणारे गृहस्थ नव्हते. प्रकृतीने किरकोळ, स्वभावाने भिडस्त, घोड्यापेक्षा बैठकीवर बरे. पण कागद वाचण्याची त्यांची ताकद माधवरावांनी ओळखली. हुजूर दफ्तराची रचना मी समजून घेतली तेव्हा मला आपल्या डेटाबेसच्या लेक्चरची आठवण झाली. एक चालतं दफ्तर, म्हणजे रोजचं ताजं काम. दुसरं एकबेरीज दफ्तर, जिथे सगळ्या खात्यांचे हिशेब एकत्र येऊन लागायचे, वर्षाचे गोषवारे व्हायचे. एका ठिकाणी लिहिलेलं दुसऱ्या ठिकाणच्या हिशेबाशी ताडून बघता यायचं. एकाने खोटं लिहिलं तर दुसरीकडे बेरीज बसायची नाही. दोनशेच्या वर कारकून तिथे मोडीत लिहीत बसायचे. ही व्यवस्था नानांनी सुरू केली असं नाही, पण त्यांच्या काळात ती सर्वात नीट चालली असं दफ्तर तपासणाऱ्यांनी पुढे नोंदवलं आहे.

१८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले, आणि वर्षही पुरं झालं नाही तोच ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. कुणी केला? वाड्याच्या पहाऱ्यावरच्या गारद्यांनी. बाहेरून कुणी भिंत फोडून आलं नव्हतं. ज्यांना आत यायचा हक्क होता तेच आत आले. आपण फायरवॉलवर केवढा खर्च करतो बघा! आनंदीबाईंनी कागदावरच्या ध चा मा केला ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. ती आख्यायिका आहे, पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या या दरबारात लोकांना सर्वात भयंकर काय वाटत होतं ते त्यातून कळतं. तलवार नाही, लिहिलेलं अक्षर नंतर कुणीतरी बदललं, हे. आमच्या सरांच्या भाषेत, लॉगमध्ये नंतर एडिट करता येता कामा नये. रामशास्त्री प्रभुणे यांनी तपास केला आणि बोट थेट रघुनाथरावांकडे, म्हणजे तेव्हाच्या पेशव्याकडेच दाखवलं. नोंद वाचणारा असा असावा लागतो.

नानांनी आणि बाकीच्या कारभाऱ्यांनी मिळून मग रघुनाथरावांना बाजूला केलं. यालाच बारभाईंचं कारस्थान म्हणतात. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, त्यांना पुरंदरावर नेऊन कडक बंदोबस्तात ठेवलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला, तो सवाई माधवराव. चाळीस दिवसांच्या बाळाच्या नावाने राज्य चालू झालं आणि चालवणाऱ्यांत हळूहळू एकच नाव वर आलं.

आता ते उघडं राहिलेलं खातं. उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवत फिरत होता. दिसायला थोडा तसाच. माधवरावांच्या काळात त्याची एकदा चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण १७७६ साली, इकडे पुण्यात बाळराजा आणि तिकडे इंग्रजांशी झगडा अशी ओढाताण चालू असताना, ज्यांच्या ताब्यात तो होता त्या रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला मोकळा केला. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसं जमा झाली. लोक वेडे होते असं नाही. त्यांना भाऊ परत यायला हवे होते. ज्या घरातून कुणी पानिपताला गेलं आणि परत आलं नाही, त्या प्रत्येक घराला वाटत असणार, की भाऊ येऊ शकतात तर आपलाही येईल.

आणि हे सगळं निस्तरायचं कुणी? ज्याची स्वतःची आई त्याच पळापळीत हरवली होती त्याने. मला राहून राहून वाटतं, नानांना एखाद्या रात्री तरी तो खरा असावा असं वाटलं असेल का? कागदावर याचं उत्तर मिळत नाही. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तोतयाची फौज मोडली. तो समुद्रमार्गे निसटत होता, राघोजी आंग्र्यांनी पकडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली, भाऊंना ओळखणाऱ्यांसमोर उभा केला गेला, आणि १७७६ च्या अखेरीस त्याला मारलं. न. चिं. केळकरांनी यावर तोतयाचे बंड हे नाटक लिहिलं आहे, लायब्ररीत असेल तर बघा.

आमच्या हॉस्टेलच्या मुलींना मी एक जुनी गोष्ट सांगणार नव्हते, पण तोतयावर लिहून ती लपवली तर मी खोटारडी ठरेन. दुसऱ्या वर्षाला असताना एका मैत्रिणीला यायला उशीर होणार होता. गेटवरच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे मी सही ठोकली, वेळ टाकली. असं आम्ही सगळ्याच करायचो. रात्री अकराच्या सुमारास तिच्या घरून फोन आला, की मुलीचा मोबाइल बंद लागतोय. रजिस्टर बघून घरच्यांना सांगण्यात आलं, की ती आत आहे, झोपली असेल. ती आत नव्हती. तिची एसटी घाटात बंद पडली होती, मोबाइलची बॅटरी संपली होती, आणि कागदावर ती माझ्या शेजारच्या कॉटवर झोपलेली होती. मी पांघरुणात जागी. सकाळी सहाला ती धडधाकट आली म्हणून ठीक. त्या रात्री मी उठून खरं सांगायला दीड तास लावला. त्या दीड तासात तिला शोधायला कुणीही निघालं नव्हतं, कारण नोंद अगदी व्यवस्थित होती.

माकणीत हे आबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी १९९३ ची कीर्द दाखवली. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दुकानाची भिंत पडली होती, वह्या ढिगाऱ्यातून काढल्या. आसपासच्या गावांतली जी गिऱ्हाइकं राहिली नाहीत त्यांची उधारीची खाती आबांनी एकेक करून बंद केली. कुणी सांगितलं तेवढ्यावर नाही, प्रत्येक गावी स्वतः जाऊन, विचारून. कारण दोन माणसं मेली म्हणून कळलं होतं आणि ती सोलापूरच्या दवाखान्यात जिवंत होती. खातं उघडण्यापेक्षा बंद करायला जास्त कष्ट पडतात.

नानांच्या कारभाराकडे परत येते. १७७८ साली त्यांचाच चुलतभाऊ मोरोबा याने काही महिने सत्ता ओढून घेतली, पण नाना परत आले आणि मोरोबा कैदेत गेला. इंग्रज मुंबईहून रघुनाथरावांना घेऊन पुण्यावर निघाले, तर त्यांना जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मान खाली घालावी लागली. १७८२ चा सालबाईचा तह, पुढे टिपूशी लढाई, महादजींशी रुसवेफुगवे... हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळेल, म्हणून मी पळते. मला त्यांची बातम्यांची पद्धत जास्त भावली. प्रत्येक दरबारात पुण्याचा वकील, आणि वकिलाचं काम म्हणजे तिथे कोण कुणाला भेटलं, कोण कुठल्या दारातून आत गेलं, किती वेळ बसलं, हे लिहून पाठवणं. दिल्लीहून, निजामाकडून, महादजींच्या छावणीतून पत्रांचा नुसता पाऊस. हैदराबादकडे गोविंदराव काळे होते. पुणे आणि हैदराबाद यांच्या मधला आमचा हा मुलूख म्हणजे या दोन दरबारांच्या मधली वायरच म्हणा ना. ती पत्रं नाना नुसती जमवत नव्हते. वाचत होते, एकाचं दुसऱ्याशी ताडून बघत होते, आणि उलटी चौकशी करणारी पत्रं पाठवत होते. मेणवलीच्या त्यांच्या वाड्यातलं खासगी दफ्तर पुढे द. ब. पारसनीस यांच्या हाती आलं आणि अभ्यासकांना खजिना मिळाला. (मेणवली म्हणजे वाईजवळचं. स्वदेस सिनेमातला तो घाट आठवतो का? तोच.) ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत निजाम हरला. खर्डा आमच्या परंड्यापासून फार लांब नाही. त्या लढाईत सगळे मराठे सरदार एका निशाणाखाली आले, ते शेवटचेच.

इथवर वाचून मी नानांची फॅन झाले होते. मग घाशीराम आला.

पुण्याच्या कोतवालाच्या कामांत शहरात कोण आलं आणि कोण गेलं याची नोंद ठेवणं हे काम होतं. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला परवानगी नसे, सापडला तो चौकीत. म्हणजे शहराचं लॉगिन म्हणा, आणि रात्रीचा ॲक्सेस बंद. घाशीराम सावळादास हा नानांच्या मर्जीतला कोतवाल. वर्षानुवर्षं त्याच्याबद्दल लोक कुरकुरत होते. जो माणूस हैदराबादच्या महालातली कुजबुज पुण्यात बसून ऐकत होता, त्याला आपल्या शहरातली ओरड ऐकू आली नाही. ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणा घेऊन परत निघालेले काही तैलंगी ब्राह्मण घाशीरामाच्या बागेत शिरले, कणसं की फळं तोडली, तर चोर म्हणून त्यांना एका लहानशा कोठडीत कोंडलं. सकाळी दार उघडलं तेव्हा बरेचसे गुदमरून मेलेले होते. तेलंगणाकडे पायी जाणारी माणसं, कदाचित आमच्याच भागातून जायची असतील. मग मात्र पुणं उसळलं. जमाव नानांच्या दारात आला, घाशीरामाला त्यांच्या हवाली करावं लागलं, आणि लोकांनी त्याला दगडांनी मारून टाकलं.

तेंडुलकरांचं १९७२ चं घाशीराम कोतवाल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी गॅदरिंगला पाहिलं असेल, निदान त्यातलं काही तरी. त्यातले नाना म्हणजे इतिहासातले नाना नव्हेत, हे मी मानते. पण घटना खरी आहे आणि ती झाकता येत नाही. सरांचा दुसरा प्रश्न हाच होता. कोतवालाच्या चौकीत कोण आत गेलं याची नोंद कोतवालच ठेवत होता, आणि ती बघायची ज्याची जबाबदारी त्याचाच कोतवाल लाडका.

दुसरी गोष्ट मला याहून जड गेली. सवाई माधवराव मोठा होत होता, पण नानांची नजर त्याच्यावरून हटली नाही. कुठे जातो, कुणाशी बोलतो, सगळं नानांपर्यंत. तिकडे शिवनेरीवर रघुनाथरावांचा मुलगा बाजीराव कैदेत होता. दोघा चुलत नातलगांमध्ये गुपचूप चिठ्ठ्या सुरू झाल्या. नानांना कळलंच, त्यांना कळणार नाही असं काही नव्हतं. चिठ्ठ्या नेणाऱ्याला शिक्षा झाली आणि पेशव्याला बोल ऐकावे लागले. २५ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव शनिवारवाड्यातल्या सज्जातून खाली कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. एकवीस वर्षांचा. तापाच्या भरात पडला की उडी टाकली यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मी त्यात पडत नाही. पण आपल्या बाजूने बोलायला मिळणारं एकच माणूस, आणि त्याची चिठ्ठीसुद्धा दुसरा कुणी वाचतो, हे हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या कुणालाही समजेल. सुरक्षेसाठी दारावरची नोंद वेगळी आणि चिठ्ठी उघडणं वेगळं. आमच्या मॉड्यूलमध्ये कोण कुठल्या साइटवर गेलं हेही टिपायचं असं ग्रुपमध्ये ठरलं होतं. ते मी माकणीतून फोन करून काढायला लावलं. भांडण झालं, पण काढलं.

यानंतरचे नाना बघवत नाहीत. ज्याला कैदेत ठेवलं होतं तोच बाजीराव दुसरा पेशवा झाला. ३१ डिसेंबर १७९७ ला दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नाना भेटीला गेले. फिलोज नावाच्या शिंद्यांच्या इटालियन सरदाराने सुरक्षिततेची हमी दिली होती. हिंदुस्थानभरच्या बातम्या ज्याच्याकडे यायच्या त्याला आपल्याच शहराबाहेरच्या तंबूत काय वाढून ठेवलंय ते कळलं नाही. तिथेच धरले गेले, अहमदनगरच्या किल्ल्यात पोचले. पुढच्या वर्षी भरपूर पैसे मोजून सुटले, पुन्हा कारभारात आले, पण शरीर थकलं होतं. बरीच लग्नं होऊनही मागे मूल नव्हतं. १३ मार्च १८०० ला पुण्यात गेले. ३१ डिसेंबर १८०२ ला बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांची फौज पदरात घेतली.

दफ्तराचं काय झालं? बाजीरावाच्या काळात कारकुनांची नेमणूक जवळजवळ मोडीत निघाली, लिहिणं हयगयीचं झालं, लोक कागद उचलून घरी न्यायला लागले. जे उरलं ते इंग्रजांनी १८१८ नंतर गोळा केलं. आज ते पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालात बांधून ठेवलेलं आहे, हजारो रुमाल. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडून ४५ खंड काढले. नानांच्या वर्षांचे कागद भरपूर आणि नीट, त्यानंतरचे विस्कळीत. मला मोडी येत नाही, पण लॉगची फाइल कुठल्या तारखेपासून तुटली आहे हे बघायला मोडी यायची गरज नाही.

आपल्याकडे परिस्थिती फार वेगळी आहे असं समजू नका. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचा आदेश काढला, तेव्हापासून जपणं तरी होतं. बहुतेक लिनक्स मशीनवर लास्ट ही कमांड मारा, कोण कधी आलं-गेलं त्याची यादी धाडकन समोर येते, लास्टबी मारली तर चुकलेल्या प्रयत्नांचीही. दोन शब्द टाइप करायला कुणी बसत नाही एवढंच.

सुट्टीनंतर आम्ही मॉड्यूल बदललं. आता दर सोमवारी एक पानाची यादी छापून निघते, त्यात फक्त वेगळं वाटणारं येतं. अवेळी लॉगिन, एकाच नावाने एकाच वेळी दोन मशीन, ओळीने चुकलेले पासवर्ड, आणि बरेच दिवस झोपलेलं खातं अचानक जागं झालं तर ते. यादी वाचणाऱ्याने खाली सही करायची. ॲडमिनच्या हालचालींची यादी ॲडमिनकडे जात नाही, दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मॅडमकडे जाते, आणि ॲडमिनला ती खोडता येत नाही. सरांना हे आवडलं. ॲडमिन म्हणजे सर स्वतःच आहेत, हे लिहायचं राहिलं.

पहिल्याच सोमवारच्या यादीत दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या एका सीनियरचं नाव आलं. मशीन आपल्या लॅबमधलं, वेळ रात्री पावणेदहा. सरांनी त्याला फोन लावला. तो बंगळूरला नोकरीत आहे आणि त्या रात्री तिथेच होता. आम्ही त्याचं खातं बंद केलं, आणि त्याच दुपारी मागच्या बॅचची बाकी खातीही एकेकाला विचारून बंद करायला घेतली. त्याच्या नावाने बसलं होतं कोण, ते अजून कळलेलं नाही. हा अंक हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत जातो, म्हणून लिहितेय: तू हे वाचत असशील तर बुधवारी चारनंतर लॅबमध्ये येऊन सरांना भेट. ते ओरडणार नाहीत, मी विचारून घेतलं आहे.